लाइट गेली तेव्हा

प्रणिताला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुस्तक हातात घेतलं की तिचा उजवा पाय हलायला लागतो, दोन पानं झाली की ती पाणी प्यायला उठते, आणि परत येते तेव्हा पुस्तकाऐवजी हातात फोन असतो. वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधल्या भाड्याच्या घरात ती अशा फेऱ्या मारायला लागली की आई म्हणते, "अगं, कार्पेट झिजेल, घरमालक आपल्याला बाहेर काढेल." अशी ही मुलगी त्यांच्या घराण्यातली पहिली कॉलेजात गेलेली. वडील राजाराम सातवीपर्यंत शिकले आणि कराडच्या एका खानावळीत कामाला लागले. तिथून मुंबई, मुंबईहून दुबई आणि दुबईहून थेट लोअर हटमधल्या एका इंडियन रेस्टॉरंटचं किचन. आई दहावी नापास, हे ती स्वतःच हसत हसत सांगते. प्रणिता आठव्या वर्षी इथं आली आणि अकराव्या वर्षी घरची लेखनिक झाली.

त्याचं असं झालं. बाथरूमच्या छताला काळी बुरशी आली होती आणि घरमालक लक्ष देत नव्हता. बाबांनी दोनदा फोन केला, पण त्यांचं इंग्रजी फोनवर तोकडं पडायचं. शेवटी प्रणितानं बाबांच्या नावानं ईमेल लिहिला. त्यात तिनं घातलं, की माझ्या लहान मुलीची छाती रात्रभर घरघरते आणि मी तिच्या उशाशी जागा असतो. तिची छाती ठणठणीत होती आणि बाबा रेस्टॉरंटातून येऊन गाढ झोपायचे. पण त्याच आठवड्यात माणूस शिडी घेऊन दारात हजर झाला. पोरीनं त्यातून काय शिकायचं ते शिकून घेतलं. नुसतं खरं सांगितलं तर कोणी हलत नाही. योग्य जागी थोडी घरघर घालावी लागते.

मग काय, ओळखीपाळखीत नाव झालं. कुणाची शाळेला चिठ्ठी, कुणाचा नोकरीचा अर्ज, कुणाचं शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्ध गाऱ्हाणं. राजाराम लोकांना अभिमानानं सांगायचे, "माझ्या पोरीकडं द्या. असं लिहिते, की समोरचा वाचून गप्पच होतो." आणि प्रणिता सगळ्यांना घरघर पुरवत राहिली.

वेलिंग्टनच्या युनिव्हर्सिटीत तिनं इंग्रजी साहित्य घेतलं तेव्हा तिला वाटलं, आता आपलं राज्य. ती रोज ट्रेननं जायची, खिडकीशेजारी समुद्र असायचा, आणि ती पेन्सिल घेऊन वाचायची. वाचायची म्हणजे काय, वेचायची. चांगलं वाक्य दिसलं की खाली रेघ आणि बाजूला 'उपयोगी'. मधलं सगळं ती उड्या मारून पार करायची. मंडईत नुसते पिकलेले आंबे उचलून निघावं तसं तिचं वाचन होतं. पहिला मोठा निबंध तिनं अशाच वेचलेल्या मालावर रचला आणि तो परत आला तेव्हा मार्क जेमतेम होते. शिकवणारी अरोहा तिशीतली, शांत आवाजाची. तिनं प्रणिताला आपल्या ऑफिसात बोलावलं.

"तुझी वाक्यं छान आहेत," अरोहा म्हणाली. "पण तू ही कादंबरी वाचलीस का?"

"हीप्स ऑफ टाइम्स, कितीतरी वेळा," प्रणिता म्हणाली. हे अर्थातच खोटं होतं.

"मग मधल्या भागात कंटाळा आला असेल ना? तिथं काय केलंस?"

"पुढं गेले."

"पुढच्या वेळी तिथंच थांबून बघ. मला स्वतःला जिथं कंटाळा येतो, तिथं बहुतेक वेळा मी वाचणं सोडलेलं असतं. पुस्तक चालूच असतं."

प्रणिताला राग आला. चांगलाच आला. कंटाळा येतो तिथं थांबायचं, हा काय सल्ला झाला? परत येताना ट्रेनमध्ये तिनं ती कादंबरी बॅगेतून काढलीसुद्धा नाही. आपण युनिव्हर्सिटीत शोभतच नाही, आपल्या मागे पुस्तकांची कपाटं असलेलं घर नाही, म्हणून ही बाई आपल्याला असं बोलते, असं तिला वाटलं आणि नंतर घरी पोचेपर्यंत ती हेच वाटणं घोळवत बसली. त्यात अरोहाचा दोष काडीचाही नव्हता, पण त्या दिवशी तिला ते पटणं शक्य नव्हतं.

त्याच आठवड्यात सोमवारी, रेस्टॉरंट बंद असतं त्या दिवशी, नितीश घरी आला.

नितीश बाबांच्या हाताखाली तंदूर सांभाळतो. गावाकडून विट्याच्या बाजूचा, तिशीला आलेला, अंगानं दणकट आणि तोंडानं मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. गेल्या वर्षी मे महिन्यात तो रजेवर गेला. रजा थोडी, म्हणून घरच्यांनी एका आठवड्यात चार गावं पालथी घालून चार मुली दाखवल्या. चौथी वनिता. तिच्याशी लग्न ठरलं, झालं, दोघं जेमतेम दोन आठवडे एकत्र राहिले आणि नितीश परत आला. आता वनिताच्या व्हिसाचा अर्ज करायचा होता. इमिग्रेशनला जोडप्याचं नातं खरं आहे, हे पटवून द्यावं लागतं. कसे भेटलात, एकमेकांत काय आवडलं, हे सगळं लिहून. ज्यांचं लग्नाआधी वर्षभर फिरणं झालेलं असतं, त्यांचं ठीक आहे. नितीशसारख्यानं काय लिहावं?

"सांगा दादा," प्रणिता लॅपटॉप उघडून म्हणाली. "कसे भेटलात?"

"बघायला गेलो. घरचे होते, मामा होते."

"मग?"

"पोहे खाल्ले. मग म्हणाले, मुलामुलीला बोलू द्या जरा, म्हणून गच्चीवर पाठवलं."

"हां. काय बोललात?"

"काय नाही. बोलणं काही झालं नाही. मग खाली आलो."

"आवडलं काय तुम्हाला त्यांच्यात?"

नितीशनं बराच विचार केला. "चांगली आहे," तो म्हणाला.

प्रणिताचा पाय टेबलाखाली जोरात हलत होता. गच्चीवर गेले आणि बोललेसुद्धा नाहीत, हे इमिग्रेशनला सांगितलं तर अर्ज तिथंच संपला. तिनं नितीशला चहा प्यायला पाठवलं आणि गच्ची काढून टाकली. मग तिनं लिहिलं, की संध्याकाळची वेळ होती. पोह्यांची बशी माझ्या डाव्या हातात होती आणि अचानक लाइट गेली. सगळे गप्प झाले. त्या काळोखात कोणीतरी हळूच हसलं. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण मी त्याच क्षणी ठरवलं, की लग्न करीन तर हिच्याशीच.

लिहून झाल्यावर तिच्या अंगावर काटा आला. चांगलं जमलं की असं होतं, हे तिला माहीत होतं. तिनं ते इंग्रजीतून मोठ्यानं वाचून दाखवलं. राजाराम दारात उभे राहून ऐकत होते, त्यांना पाऊण कळलं नाही, तरी त्यांचे डोळे भरून आले. नितीश खाली बघत होता. "छान लिहिलंय," एवढंच तो म्हणाला आणि सही करून घेऊन गेला.

इमिग्रेशनवाले बायकोलाही फोन करून विचारतात. म्हणून प्रणितानं सगळ्याचं मराठी करून व्हॉइस मेसेज वनिताला पाठवला. सोबत सांगितलं, "वहिनी, एवढं पाठ करून ठेवा. दोघांचं जुळलं पाहिजे." परीक्षा म्हटली की पाठ करायचं, हे आपल्याकडं कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही.

दीडेक महिना गेला. कॉलेजात दुसरा निबंध आला, त्यातही प्रणितानं वेचायचंच काम केलं, पण आता रेघ मारताना अरोहाचं वाक्य कानात यायचं आणि हात अडखळायचा. धड जुनं जमेना, धड नवं. रात्री जेवताना ती ताटावरून तीन वेळा उठायची. घरी नितीशचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, "त्याचं लक्ष नाही कामात. बायको फोनवर नीट बोलत नाही म्हणतो. हो, नाही, ठेवते, एवढंच." आई म्हणायची, "नवी मुलगी आहे, लाजत असेल." प्रणिता ताट घेऊन उठायची. तिला तो विषय आपला वाटतच नव्हता.

मग एका दुपारी, लायब्ररीच्या बाहेर वाऱ्यात केस सावरत ती उभी होती, तेव्हा भारतातल्या नंबरवरून फोन आला.

"प्रणिता ना? मी वनिता बोलतेय. विट्याहून."

"वहिनी! सगळं ठीक ना? इंटरव्ह्यूची डेट आली म्हणे."

"आली. पुढच्या बुधवारी. तुझा आवाज ओळखते मी, रोज ऐकते. सगळं पाठ झालंय." वनिता थांबली. "एक विचारायचंय. खरं सांगशील?"

"विचारा ना."

"ते हसलं कोण?"

प्रणिताला आधी काही कळलंच नाही.

"आमच्याकडे हे आले ते भर दुपारी," वनिता म्हणाली. तिचा आवाज शांत होता, खूप दिवस मनात जुळवून ठेवलेलं सांगावं तसा. "दुपारी लाइट गेली तर काळोख होतो का? आणि गेलीही नव्हती. मी हसलेही नव्हते. मला त्या दिवशी पित्त झालं होतं, मी कशी हसेन? मग मी विचार केला. त्या आठवड्यात ह्यांनी चार मुली बघितल्या. कुठल्यातरी घरी संध्याकाळी गेले असतील. तिथं गेली असेल लाइट. तिथली ती मुलगी हसली, ते ह्यांच्या मनात राहिलं आणि सांगताना तिचं माझ्या नावावर आलं. माणसाचं होतं असं. मी भांडत नाहीये. पण एवढं लक्षात राहिली, तर तिच्याशी का नाही केलं? तिकडून नकार आला असणार. म्हणजे मी उरलेली."

वाऱ्यानं प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं, निदान तिनं तसं मानलं.

"वहिनी, ते मी लिहिलं. मनानं लिहिलं. असं कुठंच झालं नव्हतं. तशी कोणी मुलगी नाहीच आहे."

"तू त्यांच्या घरातल्यासारखी. तू असंच म्हणणार."

"नाही, ऐका ना, सिरियसली, मी रचलं ते."

"रचलेलं असं नसतं गं," वनिता म्हणाली. "बशी कुठल्या हातात होती, तेसुद्धा आहे त्यात. ज्यानं बघितलं त्यालाच असलं आठवतं."

प्रणिताच्या लिखाणाची इतकी मोठी तारीफ आजवर कुणी केली नव्हती, आणि ती तिला नको होती.

"बुधवारी मी काय सांगू?" वनिता म्हणाली. "दुसरीची गोष्ट मी माझ्या तोंडानं सांगणार नाही. व्हिसा नाही झाला तर नाही झाला. मला यायचंच आहे का, तेही आता मला कळत नाही." आणि तिनं फोन ठेवला.

प्रणिता लायब्ररीत परत गेली, बॅग उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी ती ट्रेन पकडून सरळ रेस्टॉरंटवर गेली. दुपारचं जेवण आटोपून संध्याकाळची तयारी सुरू व्हायची ती वेळ होती. बाबा मोठ्या पातेल्यात ग्रेव्ही ढवळत होते. नितीश कणकेचे गोळे करून ट्रेमध्ये मांडत होता. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सांगताना स्वतःची बाजू सावरायची तिची इच्छा होती, पण सावरायला काही सापडेना.

राजारामांनी गॅस बारीक केला. "तुला कुणी सांगितलं होतं असलं घालायला?"

"बाबा, तुम्ही पण ऐकलं होतं ना..."

"मला काय कळतंय त्यातलं? मी तुझ्यावर सोडलं होतं." ते आधी चिडले, मग घाबरले. "हे बघ, आता बोभाटा करू नका. पेपर गेलेत तिकडं. व्हिसा होऊ दे, पोरगी इथं येऊ दे, मग बसून समजावू तिला. आता बदललं तर दोघं खोट्यात निघतील."

नितीश अजून गोळेच करत होता. त्याचा वेग मात्र कमी झाला होता.

"दादा, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? तुम्हाला कळलं होतं ना लाइटचं?"

"कळलं होतं," नितीश म्हणाला. "मला वाटलं, इंग्रजीत असंच लिहायची पद्धत असेल."

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर प्रणिताला बरं वाटलं असतं. पण तो खरंच तसं समजून चालला होता. ती बटाट्याच्या पोत्यावर बसली. अकराव्या वर्षापासून तिनं किती जणांना असं लिहून दिलं होतं, आणि त्यातल्या किती जणांनी खाली मान घालून सही केली असेल, हे तिला मोजवेना. तिला लाज वाटली. सरळ, साधी लाज.

"ती बुधवारी खोटं बोलणार नाही," नितीश म्हणाला. "मी ओळखतो तेवढं. म्हणजे जे आहे ते लिहून पाठवूया. नाही म्हणाले तर नाही."

राजारामांनी गॅस पुन्हा मोठा केला. पण ढवळायचं विसरून ते नितीशकडं येऊन उभे राहिले.

"मग परत सांगा, दादा," प्रणिता म्हणाली. "पहिल्यापासून."

नितीशनं तेच सांगितलं. घरचे होते, मामा होते, पोहे होते. प्रणिताचा पाय हलायला लागला. आणि तिचं तिलाच ते दिसलं. पाय हलतोय म्हणजे आपण ऐकणं सोडलंय. माणूस बोलतोच आहे.

"गच्चीवर पाठवलं. बोलणं काही झालं नाही. मग खाली..."

"थांबा. गच्चीवर काय होतं?"

"काय असणार? ऊन."

"अजून?"

"काय नाही गं. कुरडया वाळत घातल्या होत्या त्यांच्या. प्लास्टिकवर."

"आणि तुम्ही काय केलंत?"

नितीशला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. त्यानं हातातला गोळा खाली ठेवला. "मला रिकाम्या हातानं उभं राहायला जमत नाही. काय बोलायचं तेही सुचेना. म्हणून वाकलो आणि कुरडया उलटायला लागलो, वाळतील दुसरीकडून म्हणून. ती बघत होती. मग तीपण दुसऱ्या बाजूनं उलटायला लागली. मी इकडून, ती तिकडून. मधे आल्यावर संपल्या. मग खालून हाक आली."

"आणि बोललातच नाही?"

"बाकीच्या ठिकाणी बोलावं लागलं होतं. पगार किती, घर आहे का, कायमचं तिकडंच राहणार का. मी आपला घाम पुसत उत्तरं देत होतो. इथं काही बोलावं लागलं नाही. तिनं विचारलंच नाही काही." तो पुन्हा गोळा वळायला लागला. "खाली आल्यावर मी मामांना म्हटलं, आता अजून बघायला नको."

ग्रेव्ही बुडाला लागल्याचा वास आला आणि राजाराम शिवी हासडून पातेल्याकडं धावले.

प्रणितानं तिथंच, पोत्यावर बसून, फोनवर लिहिलं. तिची बोटं शिवशिवत होती. ऊन कसं होतं ते घालावं, वनिताच्या बांगड्यांचा आवाज घालावा, मधे आल्यावर हाताला हात लागला असं तर घालावंच घालावं. किती छान झालं असतं ते. तिनं एकदा लिहिलं आणि खोडलं. शेवटी उरलं ते इतकंच, की आम्हाला गच्चीवर पाठवलं, मी कुरडया उलटायला लागलो, तीही उलटायला लागली, आम्ही बोललो नाही, आणि खाली येऊन मी होकार दिला. कुरडया म्हणजे काय ते एका ओळीत. वर एक साधा परिच्छेद, की आधीच्या पत्रातला लाइट जाण्याचा प्रसंग मला मदत करणाऱ्या व्यक्तीनं रचला होता, तो घडलेला नाही, चूक आमची आहे. ही ओळ तिनं दोनदा वाचून पाहिली, कारण खाली सही नितीशची जाणार होती आणि व्हिसा वनिताचा होता.

पण पाठवण्याआधी तिनं एक गोष्ट केली, जी पहिल्यांदा करायला हवी होती. तिनं वनिताला फोन लावला.

"वहिनी, ठेवू नका. मी वाचते, तुम्ही फक्त सांगा बरोबर आहे का."

तिनं मराठीतून वाचलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वाचून झाल्यावर फोन कट तर झाला नाही ना, हे तिनं पाहिलं.

"वहिनी?"

"हे ह्यांनी सांगितलं?"

"हो. आत्ता. गोळे करता करता."

"तिथं अजून कोण नव्हतं," वनिता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "आम्ही दोघंच होतो." मग तिचा आवाज बदलला. "त्यांना ऐकू जातंय का?"

प्रणिता उठून मागच्या दारातून बाहेर आली, जिथं भाजीची रिकामी खोकी रचलेली होती. "नाही. बोला."

"त्या कुरडया सकाळीच घातल्या होत्या," वनिता म्हणाली. "आतून ओल्या होत्या. दुसऱ्या दिवशी उलटायच्या असतात. ह्यांनी उलटायला घेतल्या तशा मोडायला लागल्या. ह्यांना दिसलंच नाही, खाली मान घालून आपले उलटतायत. मी सांगणार होते. पण त्यांचे हात थरथरत होते गं, एवढ्या दांडग्या माणसाचे. म्हटलं, आता थांबवलं तर हा माणूस जिन्यावरून खाली उतरायचा नाही. मग मीपण दुसरीकडून घेतल्या उलटायला. म्हणजे मोडल्या तर दोघांनी मोडल्या. वर्षभराच्या कुरडया होत्या. चुरा झाला सगळा. आई आठवडाभर बोलत होती मला, मी सांगितलं, माझ्याच हातून झालं."

प्रणितानं फोन दुसऱ्या कानाला घेतला. तिच्या डोळ्यांसमोर ती गच्ची लख्ख उभी राहिली आणि त्यात तिची स्वतःची एकही ओळ नव्हती.

"वहिनी, हे पण लिहू? हे लिहिलं ना, तर..."

"नको," वनिता म्हणाली. "त्यांना माहीत नाही. हे तू लिहायचं नाहीस आणि बोलायचंही नाहीस. मला बुधवारी विचारलं तर मी सांगेन. माझं मी सांगेन."

"बरं," प्रणिता म्हणाली.

पत्र त्याच संध्याकाळी गेलं. बुधवारी वनिताचा इंटरव्ह्यू झाला, ठरल्यापेक्षा पुष्कळ लांबला. आधीचं का बदललं, कोणी लिहिलं, गच्चीवर काय झालं, सगळं खोदून खोदून विचारलं म्हणे. त्यानंतर इमिग्रेशनकडून अजून कागद मागवण्याचा ईमेल आला, आणि मग काहीच आलं नाही. राजाराम रोज विचारायचे, मग दिवसाआड विचारायला लागले. प्रणिताला रात्री झोप लागेना. आपल्या एका परिच्छेदामुळं दोन माणसं दोन देशांत राहिली तर, हा विचार आला की ती उठून घरभर फिरायची. ह्या वेळी आई कार्पेटबद्दल काही बोलायची नाही.

अरोहाला तिनं सत्राच्या शेवटी जो निबंध दिला तो छोटा होता. त्याच कादंबरीतलं मधलं एक पान, जिथं एक बाई उठते, खिडकी लावते आणि पुन्हा बसते. पूर्वी ह्या पानावरून प्रणिता उडी मारून गेली होती. आता तिनं ते किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. एकदा तर वाचता वाचता ट्रेन वेलिंग्टनला पोचली, सगळे उतरले आणि ही तशीच बसून. पेन्सिल बॅगेतच होती. निबंधाला मार्क बरे पडले. अरोहानं खाली लिहिलं होतं, अजून एक पान लिहायला हवं होतंस. प्रणिताला ते पटलं आणि रागही आला. दोन्ही एकदम.

पुढच्या सोमवारी नितीश घरी आला. चहा घेतला, बिस्किटं संपवली, जायला उठला आणि दारात थांबला.

"व्हिसाचा अजून पत्ता नाही," तो म्हणाला. "आणि ही मला रोज विचारतेय, कुरडया आणल्या तर एअरपोर्टवर घेऊ देतात का. तिच्या आईनं ह्या वर्षी जास्तीच्या घातल्यात म्हणे, खास माझ्यासाठी. आणि हिनं आईला आता काय सांगितलंय कुणास ठाऊक, ह्या वेळी मी त्यांच्या जवळपाससुद्धा फिरकायचं नाही, असा सासूबाईंचा निरोप आहे." तो गोंधळून हसला. त्याला हसताना प्रणितानं क्वचितच पाहिलं होतं. "मी विचारलं, का? तर म्हणते, आल्यावर सांगते. इंटरव्ह्यूत पण गच्चीचं बरंच काय काय सांगितलंय तिनं. मला सांगत नाही." मग त्यानं प्रणिताकडं पाहिलं. "तुला माहितेय का काय ते?"

प्रणिताच्या तोंडाशी सगळं आलं होतं. ओल्या कुरडया, थरथरणारे हात, दोघांनी मिळून केलेला चुरा. तिच्या हाती आजवर आलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट होती आणि ती सांगायला तिच्याइतकं कोणीच तयार नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "कुरडया आणा म्हणावं. फॉर्मवर लिहिलं आणि दाखवल्या तर बहुतेक घेऊ देतात."

नितीशनं मान डोलावली, पायात रबरी चपला सरकवल्या आणि तो फोन कानाला लावतच पायऱ्या उतरला.